दोन कप्प्यांची पिशवी

कानात घालायची श्रवणयंत्रं जोडणाऱ्या कारखान्यात तिला तोंडावर 'बाई' म्हणत आणि पाठ वळली की 'एक्सरेबाई'. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. शिफ्ट सुटली की बायकांची रांग फाटकापाशी लागे आणि ती आतल्या लहानशा खोलीत एकेकीची झडती घेई. श्रवणयंत्र ते केवढं, चवळीच्या दाण्याएवढं. मुठीत मावतं, केसांत मावतं, रुमालाच्या गाठीत मावतं. सतरा वर्षांत तिने ते या सगळ्या ठिकाणांहून काढलं होतं, एकदा तर पायाच्या जखमेवर बांधलेल्या पट्टीखालून. पट्टीखाली जखम नव्हती हे वेगळं सांगायला नको.

सगळ्यांचीच झडती घ्यायची म्हटलं तर रांग हलायचीच नाही. म्हणून दाराशी एक पेटी होती. प्रत्येकीने जाताना तिच्यावरची कळ दाबायची. हिरवा दिवा लागला की सरळ घरी, लाल लागला की पडद्याआड. कुणाच्या वाट्याला काय यायचं ते पेटी ठरवते, असं बायका समजत. पण टेबलाखाली, एक्सरेबाईच्या उजव्या पायापाशी, एक खटका होता. तो दाबला की दिवा लालच लागे. हे फक्त तिला, तिच्या जोडीदारणीला आणि वरच्या साहेबांना माहीत होतं.

यात तिला फसवणूक वाटत नसे, उलट माणुसकी वाटे. एखादीला 'तुझ्यावर संशय आहे' म्हणण्यापेक्षा 'काय करणार, लाल लागला' म्हणणं किती बरं. चोर नसेल तिचा मान राहतो आणि असेल तिच्याकडे माल सापडतो. सतरा वर्षं तिचा पाय त्या खटक्यावर असा सरावला होता, जसा शिवणकाम करणारीचा मशीनच्या पायडलवर.

जोडीदारीण तिच्याहून दहा वर्षांनी मोठी. तिला सगळा कारखाना मावशी म्हणे, साहेबसुद्धा. मावशी झडती घेताना बायकांच्या गुडघेदुखीची चौकशी करी, कुणाच्या सासूचं काय झालं ते विचारी. तिलाही माल सापडे, पण कमी. लक्ष गप्पांत असलं की असंच व्हायचं, असं एक्सरेबाईचं मत होतं.

घरी तिघं. ती, लिफ्ट दुरुस्त करणारा नवरा आणि तेरा वर्षांची लेक. नवरा स्वभावाने थंड. पाचव्या मजल्यावर लिफ्ट अडकली, आत माणसं ओरडताहेत, तरी हा 'होईल नीट' म्हणत पाना शोधणार. घरातही त्याचं तेच. त्यामुळे काळजी करण्याचं सगळं खातं बायकोकडे आलं होतं, आणि ती ते डोळ्यांत तेल घालून सांभाळत होती.

शाळेने गृहपाठ फोनवर पाठवायला सुरुवात केली आणि लेकीला फोन द्यावा लागला. एक्सरेबाई तो घेऊन आधी दुकानदाराकडे गेली. त्याने आईचा आणि लेकीचा फोन शेजारी ठेवून मुलांवर लक्ष ठेवणारं एक अ‍ॅप बसवून दिलं. दिवसाला दोन तास, त्यानंतर फोन आपोआप बंद. नवं काही घ्यायचं तर आईच्या फोनवर परवानगी मागावी लागणार. वाईटसाईट पानं उघडणारच नाहीत. लेक कुठे आहे त्याचा नकाशावर ठिपका, आणि रविवारी सकाळी आठवड्याचा अहवाल. अभ्यासाच्या अ‍ॅपना मात्र मोकळीक, त्यांच्यापुढे हिरवी खूण.

"आता निर्धास्त राहा," दुकानदार म्हणाला. निर्धास्त हा शब्द ऐकला की एक्सरेबाईचे कान टवकारत.

पहिल्या रविवारी अहवाल आला, सगळं हिरवं. दुसऱ्या रविवारी हिरवं. तिसऱ्या रविवारीही हिरवंच आलं तेव्हा तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"तेरा वर्षांची पोर," ती नवऱ्याला म्हणाली, "तीन आठवड्यांत एकदासुद्धा नको तिथे बोट लावत नाही?"

"चांगलं आहे की मग."

"चांगलं आहे म्हणूनच म्हणतेय. कुठेतरी पाणी मुरतंय."

नवरा म्हणाला, होईल नीट. काय होईल आणि कसं होईल हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता.

यंत्रावर विसंबून राहणारी बाई ती नव्हे. फाटकातल्या यंत्राला धातू कळतो, माणूस कळत नाही, हे ती रोज बघत होती. अ‍ॅप काय, उंटावरून शेळ्या हाकणार. हाताने तपासल्याशिवाय काही खरं नाही. पण रोज 'आण तुझा फोन' म्हटलं तर लेक चिडणार, आणि एकदा चिडली की लपवायला शिकणार. तेव्हा एक्सरेबाईने कारखान्यातली माणुसकी घरी आणायचं ठरवलं.

तिने जाड निळ्या कापडाची वितीएवढी पिशवी शिवली आणि संध्याकाळी दोघांना समोर बसवलं.

"यात कोटाची बटणं आहेत. रोज प्रत्येकाने एक काढायचं. पांढरं आलं तर काही नाही. काळं आलं तर आपला फोन बाकीच्या दोघांना दाखवायचा. आधी बाबा, मग मी, मग तू. सगळ्यांना नियम एकच."

"तुलापण?" लेकीने विचारलं.

"मलापण."

लेक हसली. मोठी माणसं आपल्याबरोबर एका रांगेत उभी राहणार याची तिला गंमत वाटली. पहिल्याच दिवशी नवऱ्याचं काळं आलं आणि त्याच्या फोनमध्ये लिफ्टच्या दोरखंडांचे दोनशे फोटो निघाले. लेकीने ते सगळे मुद्दाम, एकेक करून बघितले. घरात बऱ्याच दिवसांनी असा हशा पिकला.

पिशवीला आत मधोमध एक पडदा होता, तो तेवढा एक्सरेबाईने सांगितला नाही. एका बाजूला आठ पांढरी आणि दोन काळी बटणं, दुसऱ्या बाजूला सहा, सगळी काळी. पिशवीचं तोंड तीच धरे, आणि अंगठा कुठे ठेवला यावर कुठली बाजू उघडी राहायची ते ठरे. तो पडदा शिवताना तिला जराही लाज वाटली नाही, हेही सांगून टाकलेलं बरं.

महिनाभर तिने ती बाजू वापरलीही नाही. मग एका सुट्टीच्या दुपारी लेक तोंड धूत असताना तिचा फोन टेबलावर उजळला. अभ्यासाच्या अ‍ॅपमधून कुणाचा तरी निरोप होता. नाव 'गणिताची वही', आणि मजकूर: आज उशीर केलास.

"कोण गं ही गणिताची वही?"

"अ‍ॅपवर आहे एक मुलगी. माझ्यापेक्षा एक वर्ष पुढे. अडलेली गणितं समजावते," लेक टॉवेलात तोंड खुपसून म्हणाली.

हिरवी खूण असलेलं अ‍ॅप. त्यात शंका विचारायला म्हणून एक खिडकी होती आणि तिथे कुणीही कुणाशी बोलू शकत होतं, हे दुकानदाराच्या ध्यानीमनीही नव्हतं. एक्सरेबाईला वेगळीच गोष्ट खुपली. गणितं सोडवून देणारी 'उशीर केलास' कशाला म्हणेल? असं तर वाट बघणारं माणूस म्हणतं. आणि लेकीने टॉवेल इतका वेळ तोंडावर का धरला?

त्या संध्याकाळी अंगठा सरकला. लेकीचं काळं. दोन दिवसांनी पुन्हा काळं. त्या आठवड्यात तिसऱ्यांदा.

"माझं नशीबच फुटकं," लेक म्हणाली आणि फोन पुढे केला.

त्या खिडकीत फक्त गणितं होती. अपूर्णांक, त्याखाली 'कळलं', त्याखाली 'हो'. अगदी ओळीने, कुठे एक फालतू शब्द नाही. दोन मुली बोलताहेत आणि मध्ये एकही फालतू शब्द नाही, हे एक्सरेबाईला कसं पटावं? कुणीतरी पुसतंय. ती लेक आंघोळीला गेली की तिच्या फोनचे फोटो काढून ठेवू लागली, दप्तराचे काढू लागली, वहीच्या मागच्या पानांचे काढू लागली. आणि एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत, फाटकावर जमा केलेला फोन मागून घेऊन, तिने त्या दिवशी सुट्टीवर असलेल्या मावशीला लिहिलं, 'पोर काहीतरी लपवतेय. आज पुन्हा काळं काढायला लावते तिला.' पिशवीची गोष्ट तिने मावशीला आधीच सांगितली होती, थोड्या अभिमानानेच. मावशीचं उत्तर आलं, 'जपून गं. ती पोर आहे, रांगेतली बाई नव्हे. मी तर तिला नुसतं विचारलं असतं.'

एक्सरेबाईने ते वाचलं आणि सोडून दिलं. मावशीला माल कमी का सापडतो ते तिला माहीत होतं.

त्या संध्याकाळी तिने नेहमीसारखी पिशवी धरली. नवऱ्याने हात घातला, काळं. तिने स्वतः हात घातला, काळं. मग अंगठा सरकवून पिशवी लेकीपुढे केली. लेकीने हात घालताना पिशवीकडे पाहिलंच नाही, आईकडे पाहिलं. पांढरं.

"आज काय, काळ्यांचं राज्य आहे वाटतं," नवरा म्हणाला आणि आपला फोन काढून देऊ लागला.

एक्सरेबाईच्या लगेच लक्षात आलं. बटणांची अदलाबदल झाली होती. या कप्प्यातली त्या कप्प्यात, त्यातली यात. पण बोलणार काय? माझ्या लबाडीत कुणीतरी लबाडी केली, असं? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. नियम तिने केला होता. तिने फोन लेकीच्या हातात ठेवला.

लेकीने फोटो पाहिले. आपल्या दप्तराचे, वहीचे, आपल्याच फोनचे. मग निरोप उघडून मावशीबरोबरचं बोलणं वाचलं. तिथे ती बराच वेळ थांबली. ती ओरडेल, रडेल, फोन आपटेल, असं आईला वाटत होतं आणि त्यातलं काहीतरी झालं असतं तर बरंच झालं असतं.

"ठीक आहे," लेक म्हणाली आणि फोन परत दिला.

दुसऱ्या दिवशी एक्सरेबाईने पिशवी आणलीच नाही. तर लेक आपण होऊन आली, फोन आईसमोर ठेवला, म्हणाली, "पिशवी कशाला? रोज बघ की." आणि समोर बसून गणितं करू लागली. तिने फोनचं कुलूपही काढून टाकलं होतं. 'गणिताची वही' कुठेच नव्हती, अभ्यासाचं ते अ‍ॅपही नव्हतं. कुणाशी भांडण नाही, कशाचा हट्ट नाही, दोन तास संपायच्या आत फोन खाली. रविवारचे अहवाल असे आले की एखाद्या आईने ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवले असते.

ही आई मात्र झोपेना. जी बाई रांगेत असतानाच पिशवी उघडून 'बघा, बघा' म्हणते, ती एक तर धुतल्या तांदळासारखी असते, नाहीतर माल आधीच कुठेतरी पोचता झालेला असतो. यातलं कुठलं? तिने गादी उलटीपालटी केली. दप्तराचं अस्तर चाचपलं. बुटांत हात घातला, कपाटामागे बॅटरी मारली, दुसरा फोन कुठे आहे का म्हणून गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागेही बघून आली. साप साप म्हणून भुई धोपटली, निघालं काही नाही. नवरा एकदा दारात उभा राहून बघत होता.

"काय हरवलंय?" त्याने विचारलं. तिने बॅटरी विझवली.

मग एका गुरुवारी सकाळी, फोन फाटकावर जमा करण्याआधी, तिने नकाशावरचे ठिपके मागे मागे जाऊन पाहिले. शाळा, घर, शाळा, घर. फक्त बुधवारी शाळा सुटल्यावर पाऊणेक तास ठिपका पलीकडच्या गल्लीत. त्याच्या आधीच्या बुधवारीही, त्याच्या आधीच्याही. पाच बुधवार. मावशीची सुट्टी बुधवारी असते आणि मावशी पलीकडच्या गल्लीत राहते.

तिने मावशीला पडद्याआड गाठलं. रांग लागायला अवकाश होता.

"माझी लेक तुझ्याकडे येते?"

मावशी कानावर हात ठेवील असं तिला वाटलं होतं. मावशीने हातमोजे काढून टेबलावर ठेवले.

"येते."

"कशाला?"

"बस आधी."

"उभी आहे ती बरी आहे."

"ती गणितं शिकवणारी मुलगी नव्हती," मावशी म्हणाली. "कुणीतरी बाप्या होता. आधी गणितं सांगितली, मग फोटो पाठव म्हणाला, मग कुठे राहतेस, घरी कधी एकटी असतेस. आणि रोज सगळं पुसायला लावायचा. हिने फोटो पाठवला नाही, पत्ता दिला नाही. पण घाबरली होती फार. आपल्या दोघींचं बोलणं तुझ्या फोनवर वाचलंन, त्यात मी लिहिलं होतं, नुसतं विचारलं असतं म्हणून. तर बुधवारी दारात येऊन उभी. म्हणाली, मावशी, मला विचार."

एक्सरेबाई बसली.

"ते मिटलंय सगळं. आम्ही दोघींनी मिळून त्या अ‍ॅपवाल्यांना कळवलं, त्यांनी त्याचं खातं बंद केलं, तसं पत्र आलं मला. त्याला तीन आठवडे झाले. आता ती नुसती येते. बसते, बोलते, जाते."

संशय खरा होता. टॉवेल, 'उशीर केलास', पुसलेले शब्द, सगळं तिने बरोबर ओळखलं होतं, दुकानदाराच्या आधी, त्या शहाण्या अ‍ॅपच्या आधी. आणि त्याचा लेकीला काडीचा उपयोग झाला नव्हता. तिला रडू आलं ते त्या माणसाच्या भीतीने नाही, ती भीती अजून पोचायची होती. तिला मावशीचा मत्सर वाटला, इतका की क्षणभर तिला समोरचा चेहरा बघवेना.

"मला का नाही सांगितलं तिने?"

"तुलाच सांगणार होती." मावशीने आवाज खाली आणला. "तोंड उघडवेना तिला. लाज वाटायची. मग म्हणे, काळं बटण आलं की आई आपोआप बघेल, मला सांगायला नको. त्या दिवशी मुद्दाम काहीच पुसलं नव्हतं तिने. पण काळं नाही आलं तर काय? म्हणून तू घरी यायच्या आत तिने पिशवी उघडली, एक काळं बटण मुठीत लपवून ठेवावं म्हणून. तेव्हा तिला आतला कप्पा दिसला."

बाहेर रांग लागल्याचा आवाज यायला लागला होता. कुणीतरी हसत होतं.

"मला पकडून घ्यायला एकच बटण पुरलं असतं, म्हणाली. त्या दिवशी माझ्या घरी बसून जी रडली ना गं."

एक्सरेबाई उठली. "आज घरी जाऊन मी तिची माफी मागते."

"खुळी आहेस का? मग तिला कळेल मी सांगितलं ते. शपथ घातली होती तिने मला, आणि मी ती आत्ता मोडली, तुझा चेहरा बघवेना म्हणून. उद्या पुन्हा काही झालं तर तिने जायचं कुणाकडे? तुझ्याकडे येईल?"

याचं खरं उत्तर दोघींनाही माहीत होतं. मावशीने हातमोजे चढवले. "ताकास तूर लागू देऊ नकोस. एवढं कर."

त्या दिवशी रांगेतून कोण गेलं, कोण आलं, तिला आठवेना. संध्याकाळी वाटेवर तिने पुष्कळ वाक्यं जुळवली आणि मोडली. कप्प्याबद्दल तरी माफी मागावी? पण मग आजच का, हा प्रश्न येणार. लेक कुणाची आहे, विचारणारच.

घरी लेक टेबलाशी गणितं करत होती. आई चपला काढून आत आली तशी तिने मान वर न करता फोन आईच्या बाजूला सरकवला. रोजच्यासारखा, कुलूप नसलेला. एक्सरेबाईला तो विंचवासारखा वाटला. ती म्हणाली, "राहू दे आज."

पेन्सिल थांबली.

"का?"

"असंच. दमलेय."

"दमलीस तरी बघतेस की रोज." लेकीने आता मान वर केली. "आज का नको? मावशी भेटली का तुला?"

"ती तर रोजच भेटते."

"काही म्हणाली?"

"तिचं नेहमीचंच. गुडघे."

लेक बघत राहिली. एक्सरेबाई सतरा वर्षं लोकांच्या तोंडाकडे असं बघत आली होती, पण या बाजूला उभं राहायची वेळ तिच्यावर आली नव्हती. तिने खुर्ची ओढली, बसली आणि फोन हातात घेतला.

"बरं, बघते. नाहीतर म्हणशील आई विसरली."

तिने निरोप उघडले, फोटो उघडले, मागे गेली, पुढे गेली. डोळ्यांसमोरचं एकही अक्षर तिला लागत नव्हतं. लेक फोनकडे बघत नव्हती, तिच्या हातांकडे आणि तोंडाकडे बघत होती. एक्सरेबाई कुठेही थांबली नाही, कुठेही घाई केली नाही. रोज जेवढा वेळ लागायचा तेवढाच लावून तिने फोन परत दिला आणि म्हणाली, "ठीक आहे."